कोपराच्या वर

बायको घरी धडधाकट असताना तिच्या निधनाबद्दल सांत्वन करणारी एकेचाळीस पत्रं माणसाच्या टेबलावर येऊन पडली तर त्याने आधी काय करावं, याबद्दल गाद्यांच्या कंपनीच्या नियमपुस्तिकेत एक ओळही नव्हती. त्याने चष्मा पुसला. पुसून काही फरक पडला नाही. पहिल्या पत्राला टाचलेलं भाषांतर त्याने पुन्हा वाचलं. ‘आपल्या पत्नीच्या जाण्याने आम्हां उभयतांना फार वाईट वाटले. शेवटी आपण तिच्यासाठी जे केलेत, ते आजकाल कोण करतो?’ शनिवारची सकाळ होती. खिडकीखाली कुणीतरी मालाचा ट्रक मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत तो भिंतीवर घालत होता. तासाभरापूर्वी याच पत्नीने जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्याला बजावलं होतं की स्वयंपाकघरातला नळ आज नववा दिवस गळतोय, येताना नळवाल्याला घेऊन या, नाहीतर येऊच नका. गेलेल्या माणसाच्या मानाने आवाज चांगलाच खणखणीत होता.

भाषांतर करणाऱ्या बाई टेबलासमोर उभ्याच होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कंपनीची परदेशी पत्रं वाचून देत. त्यांना तीन भाषा येत आणि तिन्हींत त्या कुणाची गय करत नसत. ऑफिसात सगळे त्यांना दुभाषीबाई म्हणत.

“बसा ना,” तो म्हणाला.

“नको. अशा वेळी उभंच राहतात.”

“बाई, अहो ती जिवंत आहे!”

“ठाऊक आहे हो मला. परवाच भेटल्या की दुकानात. माझ्या पुढे घुसल्या रांगेत.” बाई त्याच्या मनगटांकडे बघत होत्या. “पण खरं सांगू? दहा-बारा पत्रं झाल्यावर मलाही वाटायला लागलं. आणि तुमच्याबद्दल जरा आदरही वाटायला लागला. आता उतरला तो. पण वाटला होता.”

प्रकार इतका साधा होता की त्याचा राग नेमका कुणावर काढावा तेच कळेना. चार महिन्यांपूर्वी कंपनीने समुद्रापलीकडच्या एका नव्या देशात गाद्या पाठवल्या आणि सोबत एक मोठं चित्रपत्रक. चित्रात सकाळची खोली. गादीवर एक बाई गाढ झोपलेली. शेजारी तिचा नवरा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. खाली ओळ: ‘तिची विश्रांती, आमची जबाबदारी.’ बाई म्हणजे त्याची बायको, आणि नवरा म्हणजे तो स्वतः. आता तिकडच्या एजंटने कळवलं होतं, अगदी अदबीने, तीन परिच्छेद हवापाण्यात घालवून मग, की त्यांच्याकडे पुरुष मनगटापर्यंत बटणं लावूनच वावरतो. शेतात तसाच, भट्टीपुढे तसाच, पोटच्या पोराला कडेवर घेताना तसाच. बाही कोपराच्या वर चढते ती एकाच कामासाठी. घरातल्या मयताला शेवटची अंघोळ घालताना. त्यातही हल्ली शहरात लोक त्यासाठी माणसं बोलावतात. त्यामुळे एखाद्या नवऱ्याने स्वतः बाह्या सरसावलेल्या पाहून गिऱ्हाइकांना गहिवरून आलं. काहींना त्याचं हसणं खटकलं. पण एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने दुकानात सगळ्यांना समजावलं की ते हसू नव्हे, सुटलेल्या जिवाकडे पाहून माणूस असाच दिसतो. पत्रकावर गादीच्या दुकानाचा पत्ता होताच. लोकांनी पत्रं लिहिली. गादी मात्र कुणी घेतली नाही. गेलेल्या बाईची गादी घरात कोण नेणार?

आणि सगळ्यात वैताग याचा की बाह्यांची ही गोष्ट त्याच्या वहीत नव्हती. एकोणीस वर्षं तो ‘कपड्यांची वही’ ठेवत होता. कंपनी अकरा देशांत गाद्या विकत असे, आणि प्रत्येक देशाची खोड त्या वहीत होती. एका ठिकाणी घरातही बूट घालतात, तिथे अनवाणी पुरुष दाखवला तर चोरी झालेल्या घरातला वाटतो. एका ठिकाणी उभ्या पट्ट्यांचा पायजमा म्हणजे सरळ तुरुंग. पिवळा झगा एका देशात फक्त सुइणी घालतात. त्याने बिचाऱ्याने नव्या जोडप्याच्या चित्रात नवरीला पिवळा घातला, तर पाळणे विकणाऱ्या तीन कंपन्यांनी भागीदारीसाठी पत्रं पाठवली. कुठे मोजे पोटरीच्या खाली आलेले चालत नाहीत, कुठे वर गेलेले. जगातल्या सगळ्यांनी नागडंच फिरावं म्हणजे एकदाचा घोळ मिटेल, असं त्याने वैतागून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. मग त्यातही कुणाची काय पद्धत असेल सांगता येत नाही म्हणून खोडलं होतं. या वहीमुळे आणि त्याच्या स्वतःच्या कडक, गळ्यापर्यंत बटण लावलेल्या शर्टामुळे ऑफिसात त्याचं नाव कॉलरराव पडलं होतं. नाव त्याला आवडत असे. तो ते दाखवत नसे. पण पहिली हाक त्याला ऐकू येत नसे, दोनदा मारावी लागे.

“कॉलरराव,” मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, “गादी कशासाठी असते?”

“झोपण्यासाठी.”

“आणि आपण तिच्यावर काय दाखवलंत?”

“झोप.”

“मग तिकडे मयत कसं पोचलं?”

मालक सत्तरीचे होते आणि स्वतःच्या कारखान्याची गादी वापरत नसत. त्यांना पाठीसाठी वैद्यांनी फळी सांगितली होती. त्यांनी चित्र हातभर लांब धरलं, मग जवळ. “चादर बघा. हनुवटीपर्यंत! बघून मलासुद्धा कसंतरी व्हायला लागलंय. ही कुणी ओढली?”

“मी. खांदा दिसत होता. तिकडे खांदा चालत नाही. वहीत आहे.”

“हात पोटावर जुळवलेत.”

“तेही मीच. मोकळे हात आळशीपणाचे दिसतात. वहीत...”

“फुलदाणी?”

“ती उजेडवाल्याची.” उजेडवाला म्हणजे कंपनीचा फोटोग्राफर. तो दर पाच मिनिटांनी ‘उजेड, उजेड’ करत असे.

“वा. दोघांनी मिळून छान सजवलंत. आता दुसरी बाई घ्या. उठून बसलेली, हसणारी.”

“तसं नाही करता येणार, साहेब. एजंटनं लिहिलंय. दुसरी बाई दाखवली तर लोक म्हणतील, चार महिन्यांत दुसरी केली. आणि तीही त्याच गादीवर.”

मालकांनी यावर विचार केला. “खरंय. आपल्याकडेसुद्धा म्हणतील.” मग चित्र टेबलावर उपडं ठेवलं. “म्हणजे तीच बाई. उठवा वहिनींना. बसवा ताठ. डोळे असे...” त्यांनी डोळे असे केले. “आणि तुम्ही मनगटापर्यंत बंद. उद्या दुपारी चारला उजेडवाल्याला घेऊन मी स्वतः येतो तुमच्या घरी. सोमवारी सकाळी फोटो गेला पाहिजे, मंगळवारी एजंट नाहीतर माल परत पाठवतोय. चार हजार गाद्या, कॉलरराव. लोक दुकानात येतात, टोपी काढतात, दोन मिनिटं उभे राहतात आणि जातात! गाद्या परत आल्या तर तुम्हीही घरी जा. निवृत्तीला तीन वर्षं आहेत ना? घरीच काढा. आपलीच गादी आहे, पडा आरामात.”

घराकडे चालताना पत्रांचं पुडकं त्याने बगलेत धरलं होतं, मग छातीशी, मग पुन्हा बगलेत. सांत्वनपत्रं कशी धरतात याचीही काही पद्धत असणार, आणि आपण ती मोडत असणार. रस्त्यात बाह्या दुमडलेले पुरुष त्याला आजच इतके दिसायला लागले. पंक्चरवाला, केस कापणारा, बस धुणारा, दुधाच्या क्रेट उतरवणारे दोघे. उघडी कोपरं, काळपट, सुरकुतलेली, आपापल्या कामात. हे सगळे कुणाला अंघोळ घालायला निघालेत? त्याचं स्वतःचं कोपर त्याने शेवटचं कधी पाहिलं होतं? त्या फोटोच्या दिवशी. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने घरात बाही दुमडलेली नव्हती, कारण दुमडावी असं कुठलंच काम त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं, किंवा आलेलं त्याने ओळखलं नव्हतं. ठरवलेली मॉडेल तापाने पडली आणि तिच्यासोबतचा मॉडेल म्हणाला मी एकटा काय करू. तेव्हा उजेडवालाच म्हणाला की तुमच्या घरीच उरकू, वहिनींना दोन मिनिटं पडायला सांगा. “आणि साहेब, बाह्या जरा वर घ्या. घरातलं बघणारा माणूस वाटला पाहिजे.” त्याने एक घडी घातली, ती वाकडी गेली. दुसरी सुटली. शेवटी उजेडवाल्यानेच एखाद्या नर्ससारख्या त्याच्या दोन्ही बाह्या तीन-तीन घड्यांनी कोपराच्या वर नेऊन बसवल्या. उघड्या कोपरांना पंख्याचा वारा लागला आणि त्याला वाटलं होतं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात उभे आहोत. तिथली बाई मात्र आपल्या ओळखीची आहे.

शेजारच्या खोलीत तेव्हा आई होती. सात महिने अंथरुणात, उशाशी स्टूल, स्टुलावर पितळेची छोटी घंटा. ती वाजली की बायको उठे. रात्री तीनदा, कधी पाचदा. तो जागा होई, पण उठत नसे. दोघांनी उठण्यात काही अर्थ नाही असं त्याचं म्हणणं होतं आणि ते हिशेबाने बरोबरच होतं. त्या सकाळी बायको ‘दोनच मिनिटं हं, दूध ठेवलंय’ असं म्हणत गादीवर टेकली आणि उजेडवाल्याने पहिला दिवा लावायच्या आत झोपली. खरीखुरी, तोंड किंचित उघडं ठेवून. “वा!” उजेडवाला कुजबुजला, “काय नैसर्गिक!” तोंड तेवढं मिटवायला हवं होतं. तेही मिटलं, म्हणजे त्यानेच मिटलं, दोन बोटांनी. आत्ता रस्त्याच्या कडेला, बस धुणाऱ्याच्या बादलीतलं पाणी बुटावरून जात असताना, त्याला त्या दोन बोटांच्या टोकांना काहीतरी झालं. त्याने ती पँटला पुसली.

“नळवाला?” दार उघडताच बायको म्हणाली.

“विसरलो.”

“शाब्बास. आणि हे काय आणलंत?”

येताना त्याने वाक्य जुळवलं होतं. मोठं होतं, त्यात ‘सांस्कृतिक’ हा शब्द होता. तोंडातून निघालं ते भलतंच. “तुझी पत्रं आलीयत.”

“माझी?” तिने ओले हात गाऊनला पुसले आणि वरचंच भाषांतर उभ्या-उभ्या वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. “अहो, मी मेले?”

“तिकडे.”

“कशानं?”

“ते कुणी लिहिलं नाहीये.”

“म्हणजे कुणी विचारलंसुद्धा नाही! इथल्यासारखंच आहे की मग.” आणि ती हसायला लागली. खुर्चीला धरून, डोळे पुसत. त्याने घाईघाईने बाह्यांची हकीकत सांगितली, तर ती आणखीच हसली. “कुणी घातली अंघोळ? तुम्ही? मला? ज्या माणसाला गरम पाण्याचा नळ कुठला नि गारचा कुठला हे मी अजून सांगते, तो! आणि बाह्या सरसावून! थांबा, हे वाच... नाही, मीच वाचते. ‘आपल्यासारखा पती लाभणे हे त्या माऊलीचे भाग्य.’ माऊली! बघा. तुम्ही इतक्या वर्षांत कधी म्हणालात मला माऊली?”

तो म्हणाला, हे भाषांतर दुभाषीबाईंचं आहे, त्यांना थोडं वाढवून लिहायची सवय आहे. हे न बोललं असतं तर चाललं असतं.

मग ती बसली आणि एकेक पत्र क्रमाने वाचायला लागली. हसणं दहाव्या-अकराव्या पत्रापर्यंत टिकलं. तो समोर बसून नळ ऐकत राहिला. टप्. मग बराच वेळ काही नाही, आता थांबला असं वाटावं, आणि टप्. बायकोचा चेहरा वाचताना कसा होतो हे त्याने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. खालचा ओठ ती आत घेते. कधीपासून? एका पत्रापाशी ती थांबली. पुढचं उचललं, आणि पुन्हा मागे येऊन तेच वाचलं. शेवटी तो कागद तिने त्याच्यापुढे सरकवला. ‘तुमच्या बायकोला मी ओळखत नाही,’ कुणा म्हातारीने लिहिलं होतं, ‘पण तो चेहरा ओळखते. मी अशीच दमले होते, फक्त माझा फोटो कुणी काढला नाही. आता तिला कुणी हाक मारणार नाही हे बघून बरं वाटलं. तिला झोपू द्या.’

“मी त्या दिवशी किती वेळ झोपले होते हो?” तिने विचारलं.

“बराच.”

“बराच म्हणजे?”

वीस मिनिटं. त्याला नेमकं माहीत होतं, कारण उजेडवाला तासावर काम करत असे आणि हा स्वतः घड्याळाकडे लक्ष ठेवून होता. साठ फोटो झाले होते. उजेडवाला दिव्यांच्या तारा गुंडाळत होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि खोलीभर जळका वास होता, पण ती झोपलेलीच. आणि शेजारच्या खोलीतली घंटा वाजली. पाण्यासाठी असेल, कूस बदलायला असेल. दार सहा पावलांवर होतं. तो तिथे उभा होता, कोपराच्या वर बाह्या, हातात कप, आणि चेहऱ्यावर तेच हसू. ते पुसायचं राहून गेलं होतं. घंटा पुन्हा वाजली. तेव्हा त्याने खाली वाकून बायकोचा खांदा हलवला होता, चादरीवरूनच. ‘अगं ऊठ. आई बोलावतेय.’

“वीस मिनिटं,” तो म्हणाला.

“मला वाटलंच.” तिने पत्रांच्या कडा जुळवल्या. “आणि आई गेल्या त्या सकाळी तुम्ही काय करत होतात?”

हे तिने विचारायला नको होतं, किंवा फार आधी विचारायला हवं होतं. त्या सकाळी न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आत पाण्याचा आवाज. तांब्याचा, अंगावरून ओघळणाऱ्या पाण्याचा, मधेच बायकोचा आवाज: ‘असं, आई, जरा या कुशीवर.’ जणू अजून ऐकू येत होतं त्यांना. मदतीला शेजारची एक बाई. तो बाहेर बोळात उभा होता, मनगटापर्यंत बंद, आणि फोनवर छापखानेवाल्याला सांगत होता की चादरीचा निळा जरा जास्त निळा आलाय, थोडा कमी करा. कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं, आणि निळा खरोखरच जास्त होता. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिच्या बाह्या खांद्यापर्यंत वर होत्या, दंड लाल, आणि हातांवरून पाणी गळत होतं. ‘झालं,’ ती म्हणाली होती. त्याने फोनवर हात ठेवून मान हलवली होती. जगात एका ठिकाणी एकेचाळीस माणसं त्याच्या बाह्यांकडे बघून रडली, आणि त्या बाह्या मुळात एका फोटोग्राफरने घडी घालून दिल्या होत्या. इथे त्या कामसू नवऱ्याच्या म्हणून खोट्या, तिथे शोक करणाऱ्याच्या म्हणून खोट्या. एका शर्टाने दोन देशांत दोन वेगळ्या थापा माराव्यात! वहीत अशी नोंद कुठल्या पानावर करायची?

उद्याचं त्याने शेवटी सांगून टाकलं. चार वाजता, मालक, उजेडवाला, उठून बसायचं, डोळे उघडे. गाद्या. नोकरी. तीन वर्षं. सांगताना आपला आवाज अर्ज वाचल्यासारखा येतोय हे त्याला ऐकू येत होतं.

“म्हणजे मी जिवंत आहे हे मी दाखवायचं.”

“दहा मिनिटं फक्त.”

“तेव्हा दोन म्हणाला होतात. वाढली की.” ती उठली, नळाखालची भरलेली वाटी ओतून पुन्हा लावली. “गंमत बघा. इथं मी रोज उठते, हिंडते, बोंबलते, तर कुणाच्या लक्षात नाही. तिकडे एकदा झोपले तर न्यायाधीशापासून सगळी माणसं चौकशी करतायत. आणि आता त्यांना सांगायचं, माफ करा हं, उठवलं आम्ही तिला.”

“मग नाही म्हणून सांगू का?”

“मी कशाला नाही म्हणू? तुमची नोकरी घालवून तुम्हाला दिवसभर घरात ठेवू? नळ पुरे आहे एक.” ती दारापाशी थांबली. “उद्या जेवण झालं की मी पडणार आहे. चार वाजता ते आले की उठवा मला. बसते हवी तशी, डोळे टक्क उघडून. उठवायची सवय आहेच तुम्हाला.”

रविवारी जेवण झाल्यावर ती खरंच पडली. ती खोलीकडे जाताना भांडी घासू का म्हणून त्याने विचारलं, आणि ती त्याच्याकडे बघून आत गेली. ते बघणं हो होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्याने भांडी मोरीत रचली. नळ सोडला. उजव्या बाहीचं बटण काढलं आणि एक घडी घातली. आश्चर्य म्हणजे ती सरळ बसली. दुसरी. तिसरी घालायला कोपराशी आला आणि तिथून आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसलं. गादी तीच. चादर तीच, धुऊन धुऊन थोडा निळा उतरलेली. ती उताणी झोपली होती, चादर हनुवटीपर्यंत, आणि हात... हात तिने स्वतःच पोटावर जुळवले होते. उशाशी एकेचाळीस पत्रं. त्याची बोटं घडीवर थांबली. मूर्खपणा आहे, तो स्वतःला म्हणाला, हा दुसऱ्या कुणाचा तरी नियम आहे, समुद्रापलीकडचा, परवापर्यंत आपल्याला माहीतही नव्हता. स्वयंपाकघरात भांडी घासताना माणूस बाही वर करतो, यात काय आहे? पण बाही वर जाईना. त्याने चादरीकडे बघितलं. चादर हलत नव्हती. तो तसाच, साबणाच्या हाताने, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर श्वास धरून उभा राहिला. किती वेळ? छातीवरची निळी चादर बारीकशी वर आली, आणि खाली गेली. मग पुन्हा. तोंड किंचित उघडं होतं. या वेळी त्याने ते मिटलं नाही.

मोरीपाशी परत येऊन त्याने दोन्ही घड्या सोडल्या, बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं. मग डाव्या हाताचंही तपासलं. आणि बटणं बंद ठेवून भांडी घासायला बसला. एवढं अडचणीचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. पाणी कफमधून आत शिरत होतं, कोपरापर्यंत चढत होतं, तिथून पोटावर उतरत होतं. कढईचा काळा रंग पांढऱ्या कफवर बसत होता. हा कफ ती घासून काढणार हे त्याला कळत होतं, आणि त्यामुळे तो आणखी वैतागत होता. स्वतःवर, कढईवर, न्यायाधीशावर, त्या देशावर जिथे माणसाला बाहीसुद्धा सुखाने वर करता येत नाही. भांडं भांड्याला लागू नये म्हणून तो प्रत्येक ताट दोन्ही हातांनी ठेवत होता. पावणेचार. आत तिने कूस बदलली. चारला पाच कमी. त्याला वाटलं, आत्ता हाक मारावी, मग चहा करावा, निदान तोंड धुऊन तरी ती बसेल. साधी गोष्ट आहे. सव्वीस वर्षं मारतोय तशी हाक. तो पुन्हा उंबऱ्याशी गेला, तोंडही उघडलं. शेजारच्या खोलीत आईचं स्टूल अजून तिथेच होतं, भिंतीला लावलेलं, आणि त्यावर घंटा. कुणी ती हलवली नव्हती, कुणी वाजवलीही नव्हती.

दाराची बेल वाजली. एकदाच वाजली, कारण दुसरी वाजायच्या आत त्याने चार ढांगांत जाऊन दार उघडलं होतं. मालक नवा कोट घालून आले होते, जणू फोटो त्यांचाच होता. मागे उजेडवाला, दोन्ही खांद्यांवर दिवे, हातात फुलदाणी.

“ही नको होती आणायला,” मालक त्याला म्हणत होते. मग इकडे वळले. “काय कॉलरराव! वहिनी तयार आहेत?”

“झोपलीय ती.”

“मग उठवा.”

दार त्याने जेवढं उघडलं होतं त्याहून जास्त उघडलं नाही. उजेडवाला त्याच्या मनगटांकडे बघत होता. दोन्ही कफ गच्च बंद, काळे, आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं, एक थेंब उंबऱ्यावर, एक मालकांच्या बुटावर.

“अहो, चार हजार गाद्या,” मालक म्हणाले. आपण कुजबुजतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते चिडले, तरी पुढचंही कुजबुजूनच बोलले. “उद्या सकाळी फोटो जायचाय. काय ठरलंय आपलं?”

“ठरलंय.”

“तीन वर्षं आहेत तुमची.”

“हो. आहेत.”

“मग? मी मारू का हाक?”

“नको,” तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की उजेडवाल्याने आपणहून फुलदाणी खाली ठेवली.

आतून आवाज आला. झोपेतला, जड, जिभेवर नीट न आलेला. “अहो... वाजले का चार?”

मालकांनी मनगट पुढे केलं. कोटाची बाही मागे सरकली आणि घड्याळ त्याच्या नाकासमोर आलं. चार वाजून सहा मिनिटं.

“नाही गं,” तो आत वळून म्हणाला. “वेळ आहे अजून. झोप तू.”

आणि खटका वाजू नये म्हणून कडी ओल्या बोटांत धरून, त्याने दार हळूच लावून घेतलं.